मोजणाऱ्यांची संगत

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या अगदी मागच्या रांगेत जी माणसे उभी असतात, त्यांच्या वाट्याला वाजविण्यापेक्षा वाट पाहणेच अधिक येते, ही गोष्ट समोर बसलेल्या श्रोत्याच्या ध्यानात सहसा येत नाही. व्हायोलिनवादकाचा गज संध्याकाळभर चालत असतो. तालवाद्ये सांभाळणारा मनुष्य मात्र चार-चार मात्रांचे साठ-सत्तर खंड मनातल्या मनात मोजतो, मग एकदाच झांजेवर झांज आदळतो आणि पुन्हा मोजू लागतो. त्या एका आघाताची जागा चुकली तर सर्व सभागृहाला ते कळते. ती अचूक साधली तर तिच्यामागे केवढी मोजदाद होती याचा कोणाला गंधही लागत नाही. दफ्तरातील कारकुनाने वर्षानुवर्षे बिनचूक ठेवलेल्या नोंदींना जसे कोणी कर्तृत्व म्हणत नाही, तसे या मोजण्यालाही कोणी कला म्हणत नाही. परंतु ड्रमसेट हे मुख्य वाद्य आणि त्याच्या सभोवती केवळ तालवाद्यांचाच वृंद, अशा एका रचनेच्या प्रयोगात या मागच्या रांगेतला एक होण्याचा योग मला आला, आणि तेव्हापासून मोजणारा व मोकळेपणाने वाजविणारा या दोघांचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे.

हा योग आला तो अर्बाना येथे. इलिनॉय राज्यातले हे विद्यापीठाचे गाव शिकागोच्या दक्षिणेस, मक्याच्या आणि सोयाबीनच्या अफाट, सपाट शेतांमध्ये वसलेले आहे. नोकरीच्या निमित्ताने मी तेथे गेलो, त्या वेळी माझ्यापाशी संगीताची म्हणून जी काही पुंजी होती ती सांगलीस लहानपणी घेतलेल्या तबल्याच्या तालमीची. आमच्या गुरुजींचा कटाक्ष असा की, विद्यार्थ्याने तबल्याला हात लावण्यापूर्वी हातावर ताल धरून निदान तीनताल तरी न अडखळता चालवून दाखवावा. बोटे चालण्याआधी मात्रा अंगात भिनली पाहिजे. ही पुंजी परमुलखात काय कामी येणार, असे मला वाटे. परंतु गावात विद्यार्थी, दोन-चार शिक्षक आणि माझ्यासारखे हौशी गृहस्थ यांचा मिळून एक तालवाद्यवृंद होता, आणि त्याच्या संचालिका वयाने व अनुभवाने मोठ्या असूनही मनाने इतक्या मोकळ्या होत्या, की मी तबला वाजवितो एवढे कळताच त्यांनी मला सरावाला येण्याचे निमंत्रण दिले. तबला मात्र घरीच ठेवा, असे त्यांनी हसत हसत बजावले. मनुष्यबळाची वाण होती, वाद्यांची नव्हती.

माझ्या हवाली जो सरंजाम करण्यात आला, त्याचे वर्णन केल्याशिवाय या कामाचे स्वरूप स्पष्ट होणार नाही. डाव्या बाजूस दांडीवर बसविलेले पोकळ लाकडाचे पाच लहानमोठे गोळे, जे मूळचे चीन-कोरियाकडील बौद्ध मठांतून पठणाच्या वेळी वाजविले जाणारे वाद्य. उजव्या बाजूस छातीइतक्या उंचीचा, आडव्या चौकटीत टांगलेला वृंदातला मोठा बास ड्रम. समोर एक टांगती झांज. आणि या तिहींच्या मध्ये एक लहानसे मेज, त्यावर जाड टॉवेल अंथरलेला. या टॉवेलाचे महत्त्व मला प्रथम कळले नाही. पुढे कळले, की लोकरीच्या गोळ्याची मोठी काठी खाली ठेवून रबरी टोकाच्या दोन काठ्या उचलण्यास जेवढा अवकाश रचनाकाराने ठेवलेला असतो, तो बहुधा दोन मात्रांहून अधिक नसतो, आणि त्या दोन मात्रांत काठी मेजावर वाजली तर तो आवाज रचनेचा भाग होऊन बसतो. बास ड्रम वाजविणे म्हणजे त्यावर आघात करणे एवढेच नव्हे. आघातानंतर त्याचे घुमणे दुसऱ्या हाताच्या तळव्याने आणि गुडघ्याने नेमक्या क्षणी थांबविणे, हे अर्धे काम. आपल्याकडे डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा आवरण्याची सवय असलेल्या मनुष्याला हे लवकर साधले, आणि तेवढ्यापुरती सांगलीची पुंजी परदेशात वटली.

आम्ही जी रचना बसवीत होतो ती एका अमेरिकन प्राध्यापकाची, तीन भागांची होती. मारिंबा, झायलोफोन, व्हायब्राफोन, टिंपनी आणि आमच्यासारख्या किरकोळ वाद्यांच्या मुनीमगिरीवर नेमलेले आठ-दहा जण अर्धवर्तुळात, आणि मध्ये, श्रोत्यांच्या अगदी पुढ्यात, ड्रमसेटवादक. या मांडणीत एक मौजेचा विपर्यास आहे. ड्रमसेट हे वाद्य जन्मापासून साथीचे. जाझमध्ये तुतारीवाला उभा राहून मनात येईल ते वाजवितो आणि ड्रमर मागे बसून त्याला लय पुरवितो. चित्रपटांच्या वादनकक्षात गायक पुढे आणि ड्रमर कोपऱ्यातल्या काचेच्या आडोशाला. माझ्या पिढीच्या मराठी माणसाने हे वाद्य प्रथम ऐकले ते बहुधा गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात, आणि त्या ऑर्केस्ट्राने ते उचलले होते मुंबईच्या चित्रपटसंगीतातून, जेथे कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केरसी व बुजी यांच्यासारख्या पारशी वादकांनी आणि अनेक गोमंतकीय कलावंतांनी पाश्चात्त्य तालवाद्यांना कायमचे बिऱ्हाड करून दिले. तेथेही त्यांची नावे तबकडीवर छापली जात नसत. असा हा पिढीजात साथीदार आमच्या रचनेत यजमानाच्या आसनावर बसविला होता, आणि साथीचे वतन आम्हा इतरांकडे आले होते.

या विपर्यासाचा अर्थ लावण्यासाठी ड्रमसेट हे वाद्य कसे झाले, हे पाहावे लागते. वस्तुतः ते एक वाद्य नव्हेच. ती अनेक माणसांची एका माणसात झालेली वजाबाकी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत लष्करी बँडमध्ये लहान ढोलावर एक, मोठ्या ढोलावर दुसरा आणि झांजांवर तिसरा, अशी तीन माणसे लागत. मिरवणुकीत चालताना याला इलाज नव्हता. परंतु तेच संगीत नृत्यगृहात आणि नाट्यगृहाच्या रंगमंचापुढील अरुंद खड्ड्यात येऊन बसले, तेव्हा तेथे जागाही नव्हती आणि मालकाची तिघांना वेतन देण्याची इच्छाही नव्हती. एकाच मनुष्याने उजव्या हाताने मोठ्या ढोलावर टोला द्यावा आणि त्याच झपाट्यात लहान ढोलाकडे वळावे, अशी कसरत सुरू झाली. पायाने ढोल वाजविण्याच्या युक्त्याही निघाल्या, पण त्या संथ आणि अवजड होत्या. शिकागोच्या नाट्यगृहांतून वाजविणारे विल्यम लुडविग यांना नव्या, द्रुत गतीच्या संगीताबरोबर पाय पोहोचत नाही याचा त्रास होऊ लागला, आणि त्यांनी चपळ, झटकन मागे फिरणारे पेडल तयार करून १९०९ साली आपला भाऊ थिओबाल्ड याच्यासह त्याचा कारखाना काढला. त्याच शहरात, त्याच वर्षी जीन क्रुपा जन्मास आला, ज्याने पुढे या वाद्याला नाव मिळवून दिले. मोठ्या ढोलाचे काम पायाकडे गेले, दोन्ही हात मोकळे झाले, आणि तिघांच्या जागी एक मनुष्य उरला.

या एका मनुष्याच्या भोवती मग देशोदेशींच्या वस्तू गोळा झाल्या. लहान ढोल युरोपीय पायदळाचा. मोठा ढोल आणि झांजा यांची परंपरा उस्मानी सैन्याच्या वाद्यांतून युरोपात उतरलेली. टॉमटॉम अमेरिकेत आलेल्या चिनी लोकांकडून घेतलेले. आजही ज्या झांजांवर अमेरिकन ड्रमर वाजवितो त्यांतल्या पुष्कळशा ज्या घराण्याच्या नावाने विकल्या जातात, त्या झिल्जियान घराण्याचा धंदा १६२३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सुरू झाला आणि १९२९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये आला. पुढे डावा पायही रिकामा का राहावा, म्हणून त्याच्याखाली दोन झांजा समोरासमोर बसविल्या गेल्या. प्रथम घोट्याइतक्या उंचीवर, आणि १९२० नंतरच्या काही वर्षांत हात पोहोचावा एवढ्या उंच दांडीवर. हीच हाय-हॅट. चारही अवयवांना स्वतंत्र कामगिरी मिळाली, आणि ज्याला आपण एकट्याचे कौशल्य म्हणतो ते वास्तविक एक बरखास्त झालेले पथक, एकाच देहात तैनात केलेले, असे रूप या वाद्याला आले.

या वाद्याची पहिली कैफियत आपल्याला अपुरीच ऐकू येते, याचेही मला नेहमी नवल वाटते. न्यू ऑर्लिन्सचा बेबी डॉड्स किंग ऑलिव्हरच्या पथकाबरोबर शिकागोत वाजवीत असे, आणि १९२३ साली त्या पथकाच्या तबकड्या निघाल्या. परंतु त्या वेळच्या ध्वनिमुद्रणाच्या यंत्राला ढोलाचा धक्का सोसत नसे, त्यामुळे सुईखाली आला तो मुख्यतः लाकडी ठोकळ्यांचा आवाज. सगळा संच बाजूला ठेवून त्यातला सर्वांत गरीब तुकडा इतिहासात नोंदला गेला. माझ्या डाव्या बाजूच्या लाकडी गोळ्यांवर मी सराव करू लागलो तेव्हा ही हकिकत मला आठवे, आणि किरकोळ म्हणून दिलेल्या वाद्याविषयी मनात थोडी आदरबुद्धी उत्पन्न होई.

ज्या काळात ढोलांचे पथक एका माणसात आटत होते, त्याच काळात दुसरीकडे तालवाद्यांची माणसे इतर वाद्यांपासून फुटून स्वतंत्र संसार थाटू लागली होती. हवानामध्ये आमादेओ रोल्दान याने १९३० साली केवळ तालवाद्यांसाठी दोन रचना लिहिल्या. ६ मार्च १९३३ रोजी न्यूयॉर्क येथे कार्नेगी हॉलच्या इमारतीतील एका लहान सभागृहात निकोलस स्लोनिम्स्की यांच्या संचालनाखाली एडगार वारेझची ‘आयोनिझासिओं’ ही तेरा वादकांची रचना प्रथम सादर झाली. तिच्यात सुरेल तंतुवाद्य एकही नाही, भोंगे मात्र दोन आहेत. आणि तिच्यातली लय त्या वेळच्या व्यावसायिक तालवादकांना इतकी अवघड वाटली, की हेन्री कॉवेल, कार्लोस साल्झेदो यांच्यासारखी रचनाकार मंडळीच वाजविण्यास उभी राहिली. पुढे पाच वर्षांनी, १६ जानेवारी १९३८ रोजी, त्याच इमारतीच्या मोठ्या सभागृहात बेनी गुडमनच्या वृंदाबरोबर जीन क्रुपा ड्रमसेटवर बसला आणि जाझचा ढोल प्रतिष्ठितांच्या आसनांसमोर घुमला. एकाच छपराखाली घडलेल्या या दोन घटनांचा त्या वेळी परस्परांशी काही संबंध नव्हता. एकीकडे वाचून वाजविणारे, कागदावरच्या प्रत्येक टिंबाला बांधलेले. दुसरीकडे कानाने वाजविणारे, कागदाची पर्वा न करणारे. १९३९ साली सिएटलमध्ये जॉन केजने मोटारींचे ब्रेक-ड्रम आणि पत्र्याच्या चादरी वृंदात आणल्या. १९५० साली आमच्या अर्बानाच्याच विद्यापीठात पॉल प्राइस यांनी तालवाद्यवृंदाला श्रेयांकासह रीतसर अभ्यासविषयाचे स्थान मिळवून दिले, आणि तेथून तो अमेरिकेतील विद्यापीठांतून पसरला. त्या विद्यापीठांत मागून जाझ शिरला, आणि मग कधीतरी एखाद्या रचनाकाराला सुचले की या दोन भावकींचा तंटा एकाच रंगमंचावर तोडावा. रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीतविद्यालयात दीर्घकाळ शिकविणारे जॉन बेक यांनी ड्रमसेट आणि तालवाद्यवृंद यांच्यासाठी स्वतंत्र रचना केली, इतरांनीही केल्या. आम्ही बसवीत होतो ती याच वंशावळीतली.

सराव सुरू झाला, आणि पहिला प्रश्न उभा राहिला तो लय कोणाची मानावयाची हा. मुख्य वादक पंचविशीतला तरुण, जाझमध्ये वाढलेला. लय पुरविणे हा त्याचा रक्तातला धर्म. संचालिका हातात छडी घेऊन उभ्या. लय त्यांच्या छडीत आहे असा त्यांच्या विद्येचा धर्म. त्यात ध्वनीचा एक निसर्गनियम आडवा आला. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. मुख्य वादकापासून माझा बास ड्रम दहा मीटर मागे असेल तर त्याचा टोला मला सेकंदाच्या चौतिसाव्या भागाइतका उशिरा ऐकू येणार. तो ऐकून मी टोला दिला तर माझा आवाज पुन्हा तेवढेच अंतर तोडून पुढे येणार. म्हणजे श्रोत्यांच्या कानी आम्हा दोघांत सेकंदाच्या सतराव्या भागाचे अंतर पडणार. एरवी ही चूक कोणी चूक म्हणणार नाही. परंतु आमच्या तिसऱ्या भागाची लय मिनिटाला १६० मात्रांची होती, आणि त्या लयीत पाव मात्रेला सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही थोडा कमी वेळ मिळतो; तेव्हा सतरावा भाग म्हणजे पाव मात्रेचा अर्ध्याहून मोठा तुकडा. “कानांवर विश्वास ठेवू नका, डोळ्यांनी वाजवा,” असे संचालिका पुनःपुन्हा सांगत. संगीताच्या क्षेत्रात असा हुकूम मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. परंतु त्यात तथ्य होते. मी मुख्य वादकाच्या उजव्या हातातील काठीचे टोक झांजेवर केव्हा पडते हे पाहू लागलो, त्याचा आवाज येण्याची वाट पाहणे सोडले, आणि मागची रांग पुढच्या रांगेशी जुळली.

दुसरा प्रश्न आवाजाच्या प्रमाणाचा. ड्रमसेट मनात आणील तर आठ मारिंबा बुडवू शकतो. जाझच्या ड्रमरला दुसऱ्याच्या आवाजाखाली राहण्याची कला येते, कारण तेच त्याचे पोट. पण मुख्य वादक म्हणून पुढे बसविल्यावर तोच विनय त्याला सोडून जाण्याची भीती असते. हा तरुण मात्र समजूतदार निघाला. पहिल्या भागात मारिंबावर अवघड, चार काठ्यांनी वाजवावयाचा आलाप होता. तेथे त्याने काठ्या ठेवून तारांच्या कुंचल्यांनी लहान ढोलावर नुसते घासणे चालू ठेवले, आणि लाकडाच्या पट्ट्यांचा मंद्र स्वर सभागृहाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाऊ दिला. रचनेत कुंचल्यांचा उल्लेख नव्हता. संचालिकांनी क्षणभर विचार करून पेन्सिलीने तसा शेरा मारला, आणि तो पाठ मुक्रर झाला.

खरी अडचण तिसऱ्या भागात होती. तेथे मुख्य वादकाच्या कागदावर स्वरलिपीच नव्हती; रेघांवर तिरक्या रेघा ओढून ‘स्वेच्छेने’ एवढेच लिहिलेले. किती वेळ, किती खंड, याचा निर्देश नाही. आम्हा बाकीच्यांच्या कागदावर एक लांब विराम आणि त्यावर ‘खुणेची वाट पाहा’ असा आदेश. म्हणजे मुख्य वादकाला मुभा, आणि आम्हाला मोजण्यातूनच रजा. माझ्या सांगलीच्या संस्कारांना हा बंदोबस्त विलक्षण वाटला. आपल्याकडे तबल्याच्या एकल वादनात स्वातंत्र्य याहून कमी नसते; पेशकार, कायदे, रेले, गती, चक्रदार अशी वाटेल तितकी वाटचाल करावी; पण हार्मोनियमवर किंवा सारंगीवर लेहरा अखंड फिरत असतो, आणि ज्याला मात्रा कळते तो श्रोताही मांडीवर ताल धरून बसलेला असतो. तेथे मोकळीक ही वर्तुळाच्या आतली, आणि ते वर्तुळ कोणाच्याही नजरेआड होत नाही. येथे मात्र वर्तुळच काढून घेतले होते. एका पद्धतीत सर्वांनी मिळून हिशेब उघडा ठेवावयाचा आणि एकाने त्यावर खेळावे. दुसरीत हिशेबाची वही बंद करून एकाच्या हाती किल्ली द्यावी, आणि तो परत करील त्या वेळी सर्वांनी कामावर रुजू व्हावे. पहिलीत विश्वास नियमावर, दुसरीत माणसावर.

ही किल्ली परत कशी द्यावयाची यावर पुष्कळ खल झाला. मुख्य वादकाने मान हलवावी, अशी एक सूचना. पण वादनाच्या भरात त्याची मान तशीही हलतच असे. शेवटचे चार खंड आधीच ठरवून लिहून ठेवावे, अशी दुसरी. ती त्याला जाचक वाटली. अखेर असे ठरले की लहान ढोलावर एक ठराविक, लांबत जाणारी फेक तो घेईल, ती ऐकून संचालिका छडी उचलतील आणि पुढच्या खंडाला आम्ही सर्वजण पडू. या तहनाम्याप्रमाणे सराव निभावले. पण प्रत्येक वेळी त्या प्रवेशात एखाद-दुसरा भिडू कचरे, आणि ज्या जागी भिंत कोसळल्यासारखा आघात हवा तेथे वाळू घसरल्यासारखे काहीतरी होई.

प्रयोगाच्या संध्याकाळी सभागृह बऱ्यापैकी भरले होते. पहिले दोन भाग नीट गेले. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे विशेष नाही. तिसऱ्या भागात ती स्वेच्छेची जागा आली, आम्ही काठ्या टॉवेलावर ठेवल्या, आणि तो एकटा वाजवू लागला. रजा मिळाली होती, तरी गुरुजींनी लावलेल्या सवयीने माझ्या उजव्या पायाचा अंगठा बुटाच्या आत तीनताल धरू लागला. कशासाठी, असे कोणी विचारते तर मला सांगता आले नसते. पहिली काही आवर्तने मला त्याच्या वादनात काहीच सापडले नाही; तो टॉमटॉमवरून लाटा फिरवीत होता, लय मोडत होता, दुप्पट, दीडपट करीत होता. मग एका ठिकाणी त्याचे वाक्य संपले ते नेमके माझ्या समेवर. योगायोग म्हणून मी सोडून दिले. चार आवर्तनांनंतर दुसरे वाक्य समेवर आले, आणि आणखी चार आवर्तनांनी तिसरे, याहून मोठे. मी त्याच्या हातांकडे पाहण्याचे सोडून पायांकडे पाहिले. हातांचा एवढा दंगा चालू असता डावा पाय हाय-हॅटच्या पेडलवर, प्रत्येक खंडाच्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला, यत्किंचितही न हलता पडत होता. वरच्या गदारोळात तो आवाज बुडाला होता, एवढेच.

मग सगळा उलगडा झाला. जाझमधील पुष्कळ गीतांचे अंग बत्तीस खंडांचे असते, आणि ड्रमर एकटा वाजवू लागला तरी ते अंग मनात धरूनच वाजवितो. सोबत्यांशी देवाणघेवाण करावयाची तर चार-चार खंडांनी करतो. चार मात्रांचे चार खंड म्हणजे सोळा मात्रा, म्हणजे आमचा तीनताल. बत्तीस खंड म्हणजे तीनतालाची आठ आवर्तने. रचनाकाराने त्याला हिशेबातून मुक्त केले होते आणि त्याने आपण होऊन हिशेब पत्करला होता. आम्ही ज्याला रजेवर पाठविलेले समजत होतो तो एकटाच कामावर हजर होता, आणि आपला लेहरा आपल्याच डाव्या पायात घेऊन बसला होता. मॅक्स रोच या थोर ड्रमरने १९६६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या ‘द ड्रम ऑल्सो वॉल्ट्झेस’ या एकल रचनेत हेच तत्त्व उघड करून दाखविले आहे. तीत दोन पाय तीन मात्रांचा ठेका सतत देतात आणि दोन हात त्यावर गातात. त्याच रोचने १९७० साली ‘एमबूम’ नावाचा वृंद काढला, ज्यात एरवी ड्रमसेटवर बसणारे लोक मारिंबा, झायलोफोन, टिंपनी अशी वाद्ये आळीपाळीने वाजवीत. एका देहात कोंडलेले पथक त्याने पुन्हा माणसामाणसांत वाटून टाकले, असे त्या उपक्रमाकडे पाहून मला वाटते.

आमच्या तरुणाने त्या संध्याकाळी आणखी एक पाऊल टाकले. ठरलेली फेक जवळ आली असावी असा अंदाज होता. पण फेक आली नाही. एक टॉमटॉम गप्प झाला, मग दुसरा, मग झांज. लहान ढोलावरचा डावा हातही थांबला. बास ड्रमवरचा उजवा पाय थांबला. उरली ती फक्त हाय-हॅट, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला, आता सर्वांना स्वच्छ ऐकू येणारी. हे ठरले नव्हते. संचालिकांनी त्याच्याकडे पाहिले, त्याने मान हलविली नाही, की डोळ्यांनीही खूण केली नाही. आणि तरीही आम्हा सर्वांना एकदम कळले की तो एक आवर्तन आम्हाला देत आहे. दहा माणसे त्या पायाच्या आधारे मोजू लागली. मारिंबावाली मुलगी ओठांनी मोजताना मला दिसली. काठ्या उचलल्या गेल्या. छडी वर गेली आणि पुढच्या समेला आम्ही जे पडलो ते एकसंध. माझा बास ड्रम, टिंपनी, त्याचे झांजेवर परत आलेले दोन्ही हात, सर्व एका आघातात. सरावातला तहनामा मोडला होता, आणि सरावात एकदाही न साधलेली जागा साधली होती.

प्रयोगानंतर श्रोत्यांपैकी काही जण पुढे येऊन त्या तरुणाच्या स्वच्छंदपणाची स्तुती करू लागले. स्तुती रास्तच होती. परंतु तिच्यात एक गृहीत धरलेली गोष्ट होती, ती मला यापुढे मान्य करता येणार नाही. आपण समजतो की मोजणे हे साथीदारांचे दास्य आणि न मोजणे हे मुख्य कलावंताचे ऐश्वर्य; जणू वृंदाने हिशेब सांभाळावा, म्हणजे एकाला बेहिशेबी होता यावे. कलेतल्याच नव्हे, तर सार्वजनिक व्यवहारातल्या मोठेपणाविषयीही आपली समजूत याच साच्यातली आहे. पुढारी, नट, कीर्तिमान लेखक यांना आपण नियमातून वगळतो आणि त्या वगळण्यालाच त्यांच्या प्रतिभेचा दाखला मानतो. ड्रमसेटचा सगळा इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. ज्याच्या अंगात अनेकांची कामे एकवटली, त्याच्या शिरावर अनेकांचे मोजणेही आले. वजाबाकीत माणसे गेली, त्यांची कर्तव्ये गेली नाहीत. म्हणून जो सर्वांत पुढे बसतो त्याच्याकडे सर्वांत मोठी वही असते, आणि ती तो दाखवीत नाही हा त्याचा विनय असतो.

मागच्या रांगेविषयीचेही माझे मत त्या एका आवर्तनात निश्चित झाले. आम्हाला रजा मिळाली होती तोवर आम्ही खुणेचे ताबेदार होतो. खूण येईल तसे पडणारे, आणि म्हणूनच कचरणारे. ज्या क्षणी त्याने आपला हिशेब आमच्यापुढे उघडा केला, त्या क्षणी खुणेची गरजच सरली, कारण आता वाट पाहावयाची नव्हती, बरोबर चालावयाचे होते. दुसऱ्याच्या आज्ञेने एकत्र येणे आणि एकाच मोजणीत असल्यामुळे एकत्र येणे, यांतला भेद कागदावरच्या स्वरलिपीत कोठेही दिसत नाही; श्रोत्याच्या कानाला तो ताबडतोब समजतो.

तालवादकांचा कार्यक्रम टाळ्यांनी संपत नाही. श्रोते घरी गेल्यावर मारिंबाच्या पट्ट्या गुंडाळणे, टिंपन्या चाकांवरून कोठीत नेणे, दांड्यांचे असंख्य नट सैल करणे, हे काम उत्तररात्रीपर्यंत चालते. मुख्य वादकाने आपला संच आवरला आणि मग माझ्या बास ड्रमच्या चौकटीची दुसरी बाजू धरली. दारातून ती तिरकी करून काढावी लागते. त्यासाठी दोन माणसांनी एकाच वेळी उचलावे लागते, नाहीतर ती उंबऱ्याला अडकते. त्याने विचारले, तुमच्या भाषेत कसे मोजता? मी एक-दोन-तीन-चार म्हटले, त्याने ते माझ्या मागून म्हटले, आणि चौकट बाहेर आली.